रानावर लिहायचंय? सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली चौदा-पंधरा वर्षं मी सोलापूरच्या माळावर, तळ्यांवर आणि उजनीच्या काठावर लिहिते आहे. नोकरी बँकेतली, त्यामुळे रान रविवारचं. कधी हुरड्याच्या शेतावर, कधी लग्नाच्या मांडवात, कधी काउंटरपलीकडून लोक विचारत असतात, की आम्हालाही असं लिहायचंय, सुरुवात कशी करू? तेच प्रश्न आणि मला सुचलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मला शिकारकथा लिहायच्या आहेत. आज ते चालतं का?

शिकार करून त्यावर लिहिता येणार नाही, हे पहिल्यांदा स्पष्ट सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्याच्या ९व्या कलमाने शिकारीला बंदी आहे आणि कायद्यातली शिकारीची व्याख्या फार रुंद आहे. बंदूक झाडणं तर आलंच, पण फास लावणं, जाळं टाकणं, पकडणं, घरट्याला किंवा अंड्यांना धक्का लावणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. काळवीट, लांडगा, माळढोक पक्षी हे कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतले. त्यांच्या शिकारीला कमीत कमी तीन वर्षं कैद आहे, ती सात वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि दंड वेगळा.

शिकारीबद्दल मात्र लिहिता येतं, आणि लिहायलाही हवं. जुन्या शिकाऱ्यांचं लिखाण आठवून पाहा. बंदुकीचा बार शेवटच्या दोन ओळींत यायचा. त्याआधीची दहा पानं माग काढण्याची, वाऱ्याची दिशा बघण्याची, झुडपाआड तासन् तास बसून राहण्याची असायची. ती दहा पानं आजही लिहिता येतात. त्यासाठी लागणारा डोळा, कान आणि चिकाटी यांना कुठल्याही कायद्याची आडकाठी नाही.

आजोबा शिकार करायचे. त्यांच्या गोष्टी लिहू का?

जरूर लिहा, आणि आजोबा आहेत तोवर लिहा. कोणतं साल, कोणत्या गावची शीव, कोण कोण बरोबर होतं, परत येताना काय आणलं आणि ते कोणी शिजवलं, सगळं विचारा. या भागात माळढोक एके काळी खाण्यासाठी मारला जायचा. कोल्हापूर संस्थानात तर पाळलेले चित्ते काळविटांवर सोडायचे, आणि त्या चित्त्यांना सांभाळणारे चित्तेवान असायचे. हा आपलाच इतिहास आहे, तो लपवून काही मिळत नाही. फक्त साल नीट टाका. १९७२च्या आधीची आठवण आणि नंतरचा गुन्हा यांत वाचकाचा गोंधळ होऊ देऊ नका.

बोलता बोलता कुणी अलीकडच्या शिकारीची फुशारकी मारायला लागला, तर त्याची गोष्ट करू नका. वनखात्याचा १९२६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

सोलापूरला जंगलच नाही. मग लिहायचं कशावर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे आणि दर वेळी वाईट वाटतं. दोष विचारणाऱ्याचा नाही. शाळेच्या पुस्तकापासून सरकारी कागदापर्यंत आपण माळाला ‘पडीक’ म्हणत आलो. ज्यावर झाड नाही ते ओसाड, असं एकदा मनात बसलं की समोरचं दिसेनासं होतं.

माळ हे पूर्ण वाढलेलं रान आहे. त्याची उंचीच गुडघ्याएवढी आहे, इतकंच. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, खाली मुरूम, वर वीतभर माती. इथे साग उगवणार नाही. कुसळी, पवना, मारवेल उगवणार, मधूनच एखादी बोर, एखादी हिवर. त्या गवतावर टोळ-नाकतोडे, त्यांच्यावर चंडोल, धाविक, सरडे. त्यांच्यावर कापशी आणि हिवाळ्यात लांबून येणारे भोवत्ये, हे शिकारी पक्षी. गवत खायला काळवीट, आणि काळविटाच्या मागावर लांडगा. ही अख्खी उतरंड एका सकाळी, एका जागी बसून पाहता येते, कारण मध्ये झाडं आड येत नाहीत. घनदाट जंगलात हे सुख नाही.

शहरापासून बार्शी रस्त्याने वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोकासाठी अभयारण्य झालं ते १९७९ साली. तेव्हा कागदावर त्याचा पसारा सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होता. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळं आलं होतं. सातबाऱ्यावर बंधनं आली आणि शेतकरी चिडले. पुढे ते आक्रसून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आलं. या एका आकड्यामागे शेतकरी, वनखातं, पक्षी आणि राजकारण यांची इतकी गोष्ट आहे, की कुणी नीट बसून लिहिली तर पुस्तक होईल.

आणि स्वतः माळढोक. उभा राहिला की मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, आणि मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा श्रावण होता. गवत ओलं होतं आणि लांबवर एक पांढरी काठी उभी असावी असं वाटलं. ती काठी चालायला लागली. आज तो महिनोन् महिने कुणाला दिसत नाही. त्याचं न दिसणंही लिहायचा विषय आहे. मी दर पावसाळ्यात जाते आणि वहीत ‘दिसला नाही’ एवढंच लिहून येते. ती ओळ लिहिताना हात जड होतो.

अभयारण्यात जायला परवानगी लागते का?

लागते. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन, कशासाठीही जायचं तरी वनखात्याची परवानगी घ्या आणि सोबत वाटाड्या द्या म्हणून सांगा. लिहिणाऱ्याने कुंपण ओलांडून जाणं शोभत नाही. शिवाय माळाचा बराचसा भाग अभयारण्याबाहेर, गायरानात आणि शेतांच्या बांधावर पसरलेला आहे. तो कुणी अडवत नाही. शेतात पाय ठेवण्याआधी मालकाला हाक मारली की झालं.

वहीत नेमकं काय लिहायचं?

तारीख, वेळ, जागा, वारा, ऊन, आणि मग जे दिसलं ते, दिसलं त्या क्रमाने. घरी येऊन आठवून लिहू नका, तिथेच लिहा. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

‘माघ. सकाळी ७.१०. वारा पूर्वेचा, थंड. ज्वारीच्या कडेने नांगरलेला पट्टा. धाविक ३. एक पाच-सहा पावलं धावला, थबकला, वाकून काहीतरी टिपलं, परत धावला. थांबला की दिसेनासा होतो, रंग ढेकळाचाच. ७.४० ला ट्रॅक्टर आला. तिघं उडाले नाहीत, चालत बाजूला झाले.’

यात एकही विशेषण सजावटीसाठी नाही, तरी सहा महिन्यांनी वाचताना मला तो गारवा जाणवतो. नवीन लिहिणारे ‘निसर्गाच्या कुशीत पाखरांची किलबिल’ असं लिहून पाठवतात. कोणती पाखरं? किलबिल करत होती की टिटवीसारखी ओरडत होती? माळावरचा चंडोल हवेत उंच जाऊन गातो आणि दगड पडावा तसा खाली येतो. ‘किलबिल’ या शब्दात हे मावत नाही.

ज्याची खात्री नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. माझ्या वह्या प्रश्नचिन्हांनी भरलेल्या आहेत आणि त्यातली निम्मी पुढे सुटली.

पक्षी-प्राण्यांची नावं येत नाहीत. आधी ती पाठ करू का?

पाठ करू नका, ओळख करून घ्या. महिन्याला पाच पुरेत. आपल्याकडे लोक खोकडालाही कोल्हाच म्हणतात. खोकड लहान असतं, मांजरापेक्षा थोडं मोठं, पाय बारीक, आणि शेपटीचं टोक काळं. एकदा ते काळं टोक पाहिलंत की पुन्हा चूक होणार नाही. लांडगा आणि गावकुत्रं यांतही असंच: लांडग्याची शेपूट खाली लोंबते, ती पाठीवर वळलेली कधी दिसणार नाही.

पुस्तकातलं नाव आणि गावातलं नाव दोन्ही लिहून ठेवा. एकाच पाखराला बार्शीकडे एक नाव, मंगळवेढ्याकडे दुसरं. ती गावठी नावं म्हाताऱ्या माणसांबरोबर चालली आहेत. तुमच्या वहीत उतरली तर टिकतील.

माहिती कुणाला विचारायची?

जो रोज रानात असतो त्याला. म्हणजे धनगर, पारधी, गुराखी, कोळी, रात्री पाणी द्यायला जाणारा शेतकरी.

एका धनगराची गोष्ट सांगते. मेंढवाडा बसलेला होता, रात्री लांडग्याने कोकरू नेलं होतं. मी सकाळी पोचले तर ते बाबा चहा उकळत होते. उठून मला ओढ्याच्या कडेला घेऊन गेले. चिखलात दोन माग शेजारी शेजारी होते, मला दोन्ही सारखेच दिसले. बाबांनी काठीने एकावरून रेघ ओढली. म्हणाले, ‘हे आमचं कुत्रं. बघा कसं हिकडं-तिकडं हुंगत गेलंय. आन् ह्यो त्यो. सुतात गेलाय. त्येला ठावं हाय कुटं जायाचं त्ये.’ मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशावर पडत गेलेला, दोरी लावल्यासारखा. मी विचारलं, राग येत नाही का? ‘येतो की. पर त्यो पोटासाटी करायलाय, आमीबी पोटासाटीच फिरायलोय.’

पुढे मी चौकशी केली. लांडग्याने मारलेल्या जनावराची भरपाई वनखात्याकडून मिळते. पण त्यासाठी वेळेत कळवावं लागतं, पंचनामा व्हावा लागतो. ज्याचा वाडा आज इथे आणि उद्या पुढच्या शिवारात, त्याने पंचनाम्यासाठी थांबायचं कसं? लांडगा पळवून नेतो तेव्हा पंचनामा करायला मागे काही उरतही नाही. बाबांनी ते कोकरू सोडून दिलं होतं. लांडग्यावर लिहायचं तर हा हिशेब लिहिल्याशिवाय लेख पुरा होत नाही.

पारधी समाजावर लिहावं का? भीती वाटते.

भीती वाटते ना, ती का वाटते हे आधी स्वतःला विचारा. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. त्या कुंपणातल्या वस्तीचं ‘सेटलमेंट’ हे नाव शहरात अजून आहे. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण नजर रद्द झाली नाही.

फासेपारध्यांना रान जितकं वाचता येतं तितकं मी कुणाला वाचताना पाहिलेलं नाही. एका आजीने मला गवतात ससा बसून गेलेली खळगी दाखवली होती. हात आत घालून म्हणाली, ऊब आहे, आत्ताच उठला. मीही हात घातला. खरंच ऊब होती. मी त्याच पायवाटेने मिनिटभरापूर्वी गेले होते.

अशा माणसांकडून शिकायचं तर सरळ वागा. त्यांचा दिवस घेतला तर त्या दिवसाची मजुरी द्या. नाव छापायचं की नाही ते त्यांना विचारा. लेख छापून आल्यावर जाऊन वाचून दाखवा. आणि ‘माजी शिकारी’ असला मथळा कुणी लावला तर भांडा. ज्याचं पोट कायद्याने बंद केलं आणि दुसरं काही दिलं नाही, त्याच्यावर तो शब्द मारणं बरोबर नाही.

घरटं सापडलं. फोटो, जागा सगळं देऊन लिहू का?

नाही. हे मी चूक करून शिकले.

लिहायला लागून दोनेक वर्षं झाली होती. उन्हाळ्यात मुरमाच्या एका जुन्या खाणीजवळ माळटिटवीची चार अंडी सापडली. घरटं म्हणजे नुसती खळगी, भोवती बारीक खडे आणि बकरीच्या लेंड्या मांडलेल्या. अंडी खड्यांच्या रंगाची, दोन पावलांवरूनही दिसेनात. मला इतका आनंद झाला की लेखात गाव लिहिलं, खाण लिहिली, जवळची बाभूळ लिहिली. एका पुरवणीत रविवारी छापून आलं. पुढच्या रविवारी गेले तर तिथे गाड्यांच्या चाकांच्या खुणा, चपलांचे ठसे, गुटख्याच्या पुड्या. खळगी रिकामी. टिटवी डोक्यावरून ओरडत फिरत होती. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं.

तेव्हापासून तालुका लिहिते, जागा लिहीत नाही, आणि घरट्याचा लेख हंगाम संपल्यावरच पाठवते. मोबाइलच्या फोटोत जागेची नोंद आपोआप बसते. फोटो कुणालाही पाठवण्याआधी ती काढून टाका. घरट्याचे जवळून फोटो तर घेऊच नका. आईबाप उडून गेले की एप्रिलच्या उन्हात अंडी भाजायला वेळ लागत नाही.

मला मासेमारीवर लिहायचंय. उजनीवर चालेल?

उत्तम चालेल, फारच कमी लोकांनी लिहिलंय. धरण १९८० साली पुरं झालं, पाणीसाठा ११७ टीएमसी. सोलापुरात पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ‘उजनी किती टक्के?’ हाच असतो, आणि उन्हाळ्यात ‘वजा किती?’ पाणी उतरलं की गाळाची कडा उघडी पडते आणि तिथे रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, चक्रवाक हे पक्षी उतरतात. पाणी आणखी उतरलं की बुडालेल्या पळसदेवच्या देवळाचं शिखर वर येतं. ज्यांची गावं खाली गेली ती माणसं त्या दिवसांत काठावर येऊन उभी राहतात.

होडीवाल्याबरोबर पहाटे जा. जाळं कधी टाकलं, किती वाव खाली गेलं, चिलापी किती, रोहू-कटला किती, वाम लागली का, काट्यावर काय भाव मिळाला, विचारा. जुने कोळी सांगतात, पूर्वी भीमेत मिळायचे ते कितीतरी मासे आता जाळ्यात येत नाहीत. त्यांची नावं आधी लिहून घ्या.

बाईमाणसाने एकटीने माळावर जावं का?

मी जाते. पण सुरुवातीची दोन वर्षं मैत्रिणीबरोबर गेले. तेच दोन-तीन भाग ठरवून ठेवले, तिथल्या वस्तीवरच्या बायकांशी ओळख केली. आता मी आले नाही तर त्याच विचारतात. घरी जागा आणि परतीची वेळ सांगून निघा. अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागा.

घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतो. मराठीत लिहायला जमेल का?

सोलापुरात हा प्रश्न पडायलाच नको. मारुती चितमपल्ली याच शहरात १९३२ साली जन्मले, मातृभाषा तेलुगू, आणि रानावरच्या मराठीत त्यांनी जे शब्द आणले त्याला तोड नाही. २००६ साली सोलापुरातच साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष तेच होते. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये याच शहरात ते गेले. आयुष्यभर वनखात्यात नोकरी केली, रानातल्या माणसांकडून शब्द वेचले. तुमच्या आज्जीचा तेलुगू किंवा कन्नड शब्द एखाद्या झाडाला नेमका बसत असेल, तर तो मराठी वाक्यात ठेवा.

लेख कुठे पाठवायचा? पैसे मिळतात का?

स्थानिक दैनिकांच्या पुरवण्या, आकाशवाणी सोलापूर आणि दिवाळी अंक. पुरवणीसाठी सहाशे ते आठशे शब्द, युनिकोडमध्ये टाइप केलेले, हंगामाच्या दोन-तीन आठवडे आधी. भोवत्यांवरचा लेख मे महिन्यात पाठवला तर संपादक करणार काय? दिवाळी अंकाला मोठा लेख चालतो. ही परंपरा १९०९पासूनची आहे आणि लांब, निवांत लिहिणाऱ्याला मराठीत इतकी चांगली जागा दुसरी नाही. तिथे जून-जुलैपर्यंत पोचवा.

पैशांचं खरं सांगते. यावर घर चालत नाही. बऱ्याच ठिकाणी मानधन नसतं, असलं तर पेट्रोलपुरतं. एका ठिकाणी माझे सलग सहा लेख छापले आणि फोनही उचलला नाही. म्हणून आधीच विचारा, लेखी विचारा, त्यात लाजू नका. नोकरी सोडू नका.

दुर्बीण, कॅमेरा कोणता घेऊ?

८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची दुर्बीण घ्या. कॅमेरा नंतर. हातात कॅमेरा असला की माणूस फोटो मिळाल्यावर निघून जातो, आणि खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

येत्या रविवारी पहिल्यांदा जायचंय. कुठे जाऊ?

हिप्परग्याच्या तलावावर जा. तुळजापूर रस्त्याला, शहराला लागूनच. सूर्य उगवायच्या आधी पोचा, दोन लिटर पाणी घ्या, टोपी घ्या, मातकट रंगाचे कपडे घाला. सूर्य पाठीशी ठेवून बसा. पहिली वीस मिनिटं काहीच दिसणार नाही. आपण आल्याने सगळे दबून असतात. मग काठावरचं एखादं पाखरू पुन्हा चरायला लागेल. ते एकच धरा, बाकीच्यांकडे बघू नका. अर्धा तास ते काय काय करतं ते लिहा. मोजा, किती वेळा चोच मारली आणि किती वेळा काही मिळालं. घरी येऊन भाकरी-चटणी खा, दुपारी थोडं झोपा, आणि संध्याकाळी ती वही उघडा.